सातवा दगड

रूक कॉटेज, नेदर चेडक
सोमवार, २७ मे २०१९

नायजेल,

रविवार, २६ मे, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं. ही वेळ चर्चच्या घड्याळाची नाही, ते १९८७ पासून नऊ मिनिटं मागे आहे. छातीवर उलटं टाचलेलं माझं नर्सचं घड्याळ अजून चालतं, आणि अपघात विभागात तीस वर्षं काढल्यामुळे माणूस जमिनीवर पडला की माझी नजर आधी त्या घड्याळाकडेच जाते.

त्या मिनिटाला ग्विलिम प्रॉसरचं डोकं आपल्या गावाच्या शिवेवरच्या सातव्या दगडावर सातच्या मोजणीला आपटलं गेलं. हे गावाच्या हद्दीवरून दर वर्षी निघणाऱ्या शिवफेरीत झालं, पाद्रीबाबांच्या आणि चाळीस गावकऱ्यांच्या देखत. चाळीसही जणांच्या हातात वाळुंजाच्या छड्या होत्या आणि प्रत्येक आपटण्याला ते जमिनीवर ताल धरत होते. पाद्रीबाबा पुढच्या प्रार्थनेचं पान शोधत होते. त्यांना ते अजून सापडलेलं नसेल.

तू माझ्या काकांचा मुलगा, म्हणून पत्राची सुरुवात शिवीने केली नाही. तू पॅरिश कौन्सिलचा क्लार्क, म्हणून तोंडी न बोलता लिहिते आहे. शिवाय काल संध्याकाळी तू दार उघडलं नाहीस. आत दिवा होता, पडद्यामागे तुझं टक्कलही दिसलं.

मी ओढ्याच्या काठावर, दगडापासून बारा पावलांवर होते. जे ऐकलं ते लिहिते, म्हणजे पुढे कोणाला विसरायची सोय राहणार नाही.

रॉय कर्सलेक म्हणाला, "अकरा वर्षं झाली की रे पोस्टमास्तरला गावात येऊन! अजून याचं बूड दगडाला लागलं नाही. असं कसं चालेल?"

प्रॉसर हसला. "माझं बूड मोठं आहे रॉय. तुमचाच दगड फुटायचा."

"फुटला तर दुसरा बसवू. कौन्सिल कशाला आहे?"

सगळे हसले. मीही हसले, तेही लिहून ठेवते. मग रॉयच्या डीनने आणि गोठ्यावरच्या त्या दोघांनी त्याला उचललं. दोन वेळा बूड टेकवलं, रीतीप्रमाणे, हळू. प्रॉसर आपलं वेल्श गाणं म्हणत होता. मग डीनने हात सोडून त्याचे पाय धरले आणि बाकीच्या दोघांनी त्याला उलटा केला. डीन म्हणाला, "ओढ्यातले मेलेले मासे मोजत होतास ना? आता हे मोज." मग तीन. मग चार. गाणं चारला थांबलं.

आणि मोजत तू होतास, नायजेल. मोठ्याने. पाचला तुझा आवाज चिरकला, तरी तू सहा म्हणालास. तरी सात म्हणालास.

मी त्याच्या डोक्याखाली माझं लोकरीचं जाकीट घातलं. ते आता भिजत टाकलंय, पण डाग जायचा नाही. शिवफेरीची नोंद क्लार्क ज्या शिवेच्या वहीत करतो, तिच्यात तू काल काय लिहिलंस, ते मला पाहायचं आहे.

ब्रिजेट टकेट


नेदर चेडक पॅरिश कौन्सिल
३१ मे २०१९

प्रिय ब्रिजी,

तुझं पत्र मिळालं. तुला किती धक्का बसला असेल याची मला कल्पना आहे. आम्हा सगळ्यांनाच बसला आहे. प्रॉसर अजून शुद्धीवर नाही, पण मोठ्या इस्पितळात आहे, तिथले लोक हुशार आहेत. दुकान सध्या त्याची बायको मेना चालवते आहे. पोस्टाचं काम मंगळवारी आणि गुरुवारी होईल.

पोलिसाने चाळीस जणांचे जबाब घेतले. सगळ्यांचं म्हणणं एकच: गवत ओलं होतं, पोटात सायडर, सफरचंदाची दारू, होती, तिसऱ्या वेळेला माणूस हातातून सटकला. तुझा जबाब वेगळा पडला असं कळलं. उन्हात, वयाच्या बाहत्तराव्या वर्षी, चार मैल चालल्यावर असं होऊ शकतं. यात कमीपणा नाही.

शिवेची वही कौन्सिलच्या कपाटात आहे आणि किल्ली अध्यक्षांकडे असते. अध्यक्ष रॉय आहे हे तुला ठाऊकच आहे, आणि डीन त्याचा मुलगा आहे हे काही मी ठरवलेलं नाही.

दुसरं म्हणजे, उन्हाळी जत्रेसाठी गावाच्या पुस्तिकेची नवी आवृत्ती काढायची आहे, "नेदर चेडक: इतिहास आणि सोयी." १९९४ची तूच लिहिली होतीस. तळं, बसथांबा, पब, सभागृह, फोनचं खोकं, एवढ्यांवर दोन-दोन ओळी नव्याने हव्यात. सूर प्रसन्न असू दे. कामात मन रमेल तुझं.

तुझा,
नायजेल


रूक कॉटेज
३ जून २०१९

नायजेल,

मन रमवते. या घे तुझ्या दोन-दोन ओळी.

बदकांचं तळं. १६१२ साली विधवा जोन स्वीटिंग तोंडाळ आहे म्हणून गावाने तिला खुर्चीला बांधून या तळ्यात तीन वेळा बुडवलं. दोनदा वर काढलं. आता तिथे बाक आहे आणि बदकांना पाव घालू नये अशी पाटी आहे.

बसथांबा. १६८५च्या बंडानंतर या चौकात तीन जण फासावर गेले. पोटं फाडून, तुकडे करून, डांबरात उकळून वेशीवर टांगले, आणि उकळायला कढई गावानेच दिली. बस मंगळवारी आणि शुक्रवारी, ड्रायव्हरच्या मनात असेल तर.

पब. अंगणातल्या ज्या लोखंडी कडीला बैल बांधून त्याच्यावर कुत्रे सोडत, तिला हल्ली फुलांची टोपली टांगतात. रविवारी भाजलेलं मांस, आधी सांगून ठेवावं.

सभागृह. पूर्वी कोंबडझुंजीची जागा, आता बॅडमिंटन.

फोनचं लाल खोकं. फोन काढून नेला. आत बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारं यंत्र आहे. ते प्रॉसरने वर्गणी काढून बसवलं आणि दर सोमवारी तोच तपासतो. आज सोमवार आहे, मी तपासून आले. चालू आहे.

सूर प्रसन्न आहे का?

आता तुझ्या तिसऱ्या वेळेबद्दल. सटकलेल्या माणसाला एकच जखम होते. मी त्याच्या केसांत बोटं घातली होती. वर एक, मागे दोन, कानामागे एक मऊ खळगा, तिथे हाड नव्हतंच. घोट्यांवर डीनच्या बोटांचे चार-चार वळ होते. सटकणाऱ्याला कोणी इतकं घट्ट धरत नाही. माझं वय काढायचं तर तेवढं मोजून सांग, मग काढ.

मासे का मेले हे पंचक्रोशीला माहीत आहे. कर्सलेकच्या गोठ्याचं शेणपाणी ओढ्यात सोडलं जात होतं. प्रॉसरने मेलेले मासे मोजून सरकारला कळवलं आणि माणसं तपासणीला आली. म्हणून दर शिवफेरीला दुकानात बसणाऱ्या पोस्टमास्तरला यंदा रॉय स्वतः बोलवायला गेला. "यंदा आलंच पाहिजे, त्याशिवाय तू गावचा कसा होणार?" मेनाने ऐकलंय. प्रॉसरने दाढी केली, चांगला सदरा घातला आणि आला. अकरा वर्षं वाट पाहिली होती बिचाऱ्याने या बोलावण्याची.

पोलीस मला म्हणाला, "बाई, मोजणी क्लार्कची असते ना? मग क्लार्कची वही काय म्हणते?" तेवढंच मी विचारते आहे. सिस्टर पर्पेच्युआ आम्हाला शाळेत सांगायच्या, जे शाईत नाही ते घडलंच नाही म्हणणारे लोक फार असतात. शाई कुठे आहे?

ब्रिजेट


११ जून २०१९

प्रिय ब्रिजी,

पुस्तिकेचा मजकूर कौन्सिलने वाचला. रॉय एवढंच म्हणाला, "म्हातारीला तळ्याचं फार प्रेम दिसतंय." विनोद होता, मनावर घेऊ नकोस.

मला तुझ्याशी भांडायचं नाही. पण तू मला कोर्टात उभं केल्यासारखी लिहितेस, म्हणून एक आठवण करून देतो. १९९४ची पुस्तिका, पान सहा. तुझेच शब्द उतरवतो: "गावात नव्याने आलेल्याचं स्वागत सातव्या दगडावर होते. त्याला सात वेळा दगडावर टेकवतात. क्लार्क मोठ्याने मोजतो, आणि क्लार्क मोजतो आहे तोवर कोणी थांबत नाही, अशी फार जुनी आणि गोड रीत आहे."

सात आकडा तुझा आहे. थांबायचं नाही हेही तुझंच. मी फक्त पान सहा वाचत होतो. माझ्या आधी माझ्या वडिलांनी वाचलं. पंचवीस वर्षं कोणाला खरचटलं नाही. मग आता एकदम गुन्हा कसा झाला?

तेव्हा जबाब मागे घे. वय झालं, ऊन होतं, एवढं लिहिलंस तरी पुरे. मी तुझ्या भल्याचं सांगतो आहे. या गावात तुला अजून राहायचं आहे, आणि तुझं घर कडेला आहे.

तुझ्या कोंबड्यांचं ऐकून वाईट वाटलं. यंदा कोल्हे फार माजलेत.

नायजेल


रूक कॉटेज
शनिवार, १५ जून २०१९

नायजेल,

ग्विलिम प्रॉसर परवा, गुरुवारी, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी गेला. मी तिथे होते. मेनाने त्याचा हात धरला होता आणि मी त्याचा पाय, कारण बाकी सगळीकडे नळ्या होत्या. घोट्यावरचे वळ पिवळे पडले होते, पण होते. मी ते डॉक्टरांना दाखवले आणि त्यांनी फोटो काढून घेतले.

आधी कोंबड्या. रविवारी सकाळी दार उघडलं तर पायरीवर सातही जणी ओळीने ठेवलेल्या होत्या, माना पिरगाळून, चोची एकाच दिशेला. कोल्हा असा मांडामांड करत बसत नाही. त्यांना मी सफरचंदाच्या झाडाखाली पुरलं आणि कोणालाही सांगितलं नाही. मेनालाही नाही, तिच्या डोक्याला आधीच पुरे होतं. मग तू कुठे ऐकलंस? तू त्यांच्या माना पिरगाळल्यास असं मला वाटत नाही, तुला उकडलेलं अंडं फोडतानाही दया येते. पण ज्या टेबलावर कोणीतरी हसत हसत ते सांगितलं, त्या टेबलाशी तू बसला होतास. मंगळवारी रात्री माझ्या न्हाणीघराच्या खिडकीतून अर्धी वीट आत आली. तिचाही कोल्हाच असेल.

आता पान सहा. तू ते काढलंस हे बरं केलंस. मला दोन रात्री झोप लागली नाही, आणि शुक्रवारच्या बसने मी जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात गेले. बस आली, नवल.

चर्चची १७३१ सालची वही मी पुन्हा मागवली. पुन्हा म्हणते, कारण १९९४ साली मी ती वाचली होती. तेव्हाही अक्षर स्वच्छ होतं आणि माझे डोळे चांगले होते. नोंद अशी आहे: "शिवेच्या आत एक अनोळखी माणूस सापडला. त्याला सातही दगडांवर नेऊन मारला, म्हणजे त्याला आमची शीव कळावी. सातव्यावर तो मेला. ओढ्यापलीकडे ठेवला, त्यामुळे तो आमच्या गावात मेलेला नाही."

हे मी वाचलं होतं, नायजेल. मग सभागृहात बैठक झाली. जत्रा तोंडावर होती, तुझे वडील क्लार्क होते. ते म्हणाले, "ब्रिजेट, असलं काही नको गं. काहीतरी गोड लिही. लोक चहा पिताना वाचणार." म्हणून मी गोड लिहिलं. मारलेल्याचं स्वागत केलं. सात दगडांचं सात वेळा टेकवणं केलं. क्लार्कने मोजायचं आणि तोवर कोणी थांबायचं नाही, हे तर वहीत कुठेच नाही. ते मी रचलं, कारण तुझ्या वडिलांना शिवफेरीत काही काम नव्हतं आणि ते रुसले होते.

तेव्हा होय, सात आकडा माझा आहे. एक मेलेला माणूस मी चहाबरोबर वाढला, आणि पंचवीस वर्षांनी या गावाने त्याच दगडावर दुसरा आणून ठेवला. हे मी मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरला लिहून दिलं आहे, पान सहा आणि १७३१ची नक्कल जोडून. माझी शाई मी दिली.

आता तुझी. वही कुठे आहे?

ब्रिजेट


१९ जून २०१९

प्रिय ब्रिजेट,

टंकलिखित पत्राबद्दल क्षमस्व. उजव्या हाताची बोटं मोटारीच्या दारात सापडली. तीन मोडली आहेत. माझाच निष्काळजीपणा.

शिवेच्या वहीबद्दल कळवतो की कपाटाच्या वरचं छत गळत असल्याने ती भिजली. २६ मेचं पान वाचण्याजोगं राहिलेलं नाही. अध्यक्षांनी ती योग्य रीतीने नष्ट करायला सांगितलं आहे. ते काम माझ्याकडे आहे. ते अजून झालेलं नाही, हाताच्या दुखण्यामुळे.

कौन्सिलने प्रॉसर यांच्या स्मरणार्थ तळ्याकाठी एक बाक द्यायचं एकमताने ठरवलं आहे. पाटीवर "या गावावर प्रेम करणारा" असं लिहायचं आहे. तुझी हरकत नसावी.

रॉय इथेच बसला आहे. चहा घेतो आहे. तुला नमस्कार सांगतो.

नायजेल टकेट
क्लार्क


रूक कॉटेज
शनिवार, २२ जून २०१९

श्री. नायजेल टकेट, क्लार्क, नेदर चेडक पॅरिश कौन्सिल, यांस

आपलं पत्र दोनदा वाचलं. एकदा रॉय कर्सलेकने वाचावं तसं, आणि एकदा माझ्यासारखं.

पहिल्या वाचनाचं उत्तर कौन्सिलला: बाकाला माझी हरकत आहे. जोन स्वीटिंगच्या वाट्यालाही तिथे एक बाक आला. या गावात माणूस मारला की बसायची सोय होते.

आता हे फक्त तुला, नायजेल.

तीस वर्षांत मोटारीच्या दारात सापडलेली बोटं मी शेकड्याने पाहिली. दार सगळ्या बोटांवर एका रेषेत बसतं. परवा पोस्टात तू माझ्यापुढे उभा होतास, पट्टीच्या वर फुगलेली बोटं दिसत होती. प्रत्येकाची गाठ वेगळ्या दिशेला वळलेली. ती एकेक करून मोडली आहेत, मागे वाकवून, आणि दोन बोटांच्या मध्ये कोणीतरी तुला काहीतरी विचारलं आहे. मेनाने तुझ्यापुढे तिकिटं ठेवली आणि म्हणाली, "हात कसा आहे मिस्टर टकेट?" तू रडायला लागलास आणि तिकिटं न घेता निघून गेलास. ज्याची बायको तू विधवा केलीस तिने तुझ्या हाताची विचारपूस केली. असं कोणी आपल्या गावात जन्माला येत नाही, बाहेरून यावं लागतं.

तुझ्या पत्रातली एक ओळ मी पाठ केली आहे. "ते अजून झालेलं नाही, हाताच्या दुखण्यामुळे." काडी ओढायला एक हात पुरतो, नायजेल. रॉय समोर बसलेला असताना तू मला ते लिहिलंस. छत गळत नाही, गेल्या वर्षी मीच वर्गणी दिली होती त्याला. वही तुझ्याकडे आहे आणि ती कोरडी आहे. तीन बोटं मोडली तरी तू ती कुठे आहे हे सांगितलं नाहीस. तुझ्यात एवढं असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि मी तुला लंगोटात पाहिलंय.

तू बिचारा आहेस असं मात्र मी लिहिणार नाही. तू तीनला गप्प बसला असतास तर काय झालं असतं? माझी रचलेली रीतच तुझ्या बाजूने होती. क्लार्क थांबला की सगळे थांबतात. डीनलासुद्धा चाळीस जणांपुढे थांबावं लागलं असतं. या अख्ख्या गावात त्या वेळी ज्याच्या नुसत्या गप्प बसण्याने एक माणूस वाचला असता, असा तू एकटा होतास, आणि तू रॉयच्या तोंडाकडे बघत मोजत राहिलास. मी बारा पावलांवर होते. मला वाटलं, पाचला थांबेल. बारा पावलं चालायला मला दोन आकडे लागले. तेही मी कॉरोनरला लिहिलं आहे.

सुनावणी शुक्रवारी, २८ जूनला सकाळी दहा वाजता आहे. चाळीस जण तीन म्हणणार. मी एकटी सात म्हणणार, आणि मी म्हातारी आहे, तोंडाळ आहे, पान सहा माझं आहे. तुझं पान नसेल तर प्रॉसर ओल्या गवतावरून सटकून मेला असं कायमचं लिहिलं जाईल, आणि डीन पुढच्या वर्षी छडी घेऊन सगळ्यांच्या पुढे चालेल. १७३१मध्ये त्यांनी प्रेत ओढ्यापलीकडे नेऊन ठेवलं. तुम्ही तर ते हलवायचेही कष्ट घेत नाही.

दार उघडायला भीती वाटत असेल तर फोनच्या लाल खोक्यात ठेव, यंत्राच्या मागे. सोमवार ते गुरुवार मी रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला ते तपासणार आहे. प्रॉसर तपासायचा, आता मी तपासते, कोणाला संशय यायचा नाही. त्यानंतर इथे राहवलं नाही तर मेनाच्या बहिणीकडे वेल्समध्ये तुझ्यासाठी खोली आहे. हे मी सुचवलेलं नाही, मेनाने सुचवलं. मी तर तुला गोठ्यात झोपवलं असतं.

मला दोन गोष्टी हव्या आहेत: २६ मेचं पान, फाडलेलं नव्हे, वहीसकट, आणि त्यासोबत तुझ्या अक्षरात सही-तारखेनिशी उत्तर, की तू कितीपर्यंत मोजलंस, चारनंतर गाणं थांबलेलं तुला ऐकू आलं होतं का, आणि आलं होतं तर पाच का म्हणालास.

टंकलिखित चालणार नाही. उजवा हात मोडला असेल तर डाव्याने लिही. वाकडं आलं तरी मी वाचेन.

गुरुवार, २७ जून २०१९, दुपारी बारा वाजेपर्यंत. माझ्या घड्याळाचे बारा, चर्चच्या नव्हे. लेखी.

ब्रिजेट टकेट